लसीची साखळी
(विद्यार्थी व पालक यांच्यासाठी एक पाठ)

'लस' हा शब्द आपल्या तोंडी नेहमी येतो. परंतु त्याचा मूळ अर्थ फार थोड्यांच्या ध्यानात असतो. जखमेतून किंवा फोडातून जो पातळ, चिकट स्राव पाझरतो त्यास आपल्या भाषेत लस म्हणतात. मग रोगापासून बचाव करणाऱ्या औषधास हेच नाव का पडावे? कारण आरंभी ते औषध म्हणजे खरोखरच एका मुलाच्या दंडावरील फोडातून काढलेला स्राव होता, व तो लागलीच दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोचावा लागे. औषध साठविण्याची बाटली म्हणजे त्या काळी लहान मुलाचा हात.

विद्यार्थिमित्रांनो, ही गोष्ट मनात धरूनच पुढील पाठ वाचावा. लस ही एकट्याने घेऊन संपविण्याची वस्तू नव्हे. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी साखळी आहे. आपल्या पुणे शहराचा या साखळीशी दोनशे वर्षांहून अधिक काळ संबंध आहे. ती कशी जोडली गेली, कोठे ताणली गेली, व आज आपल्या घरी तिचा कोणता दुवा आहे, हे क्रमाने पाहू.

१. देवीचा रोग व गाईची देवी

आज देवीचा रोगी जगात एकही नाही. म्हणून त्या रोगाचे भय मुलांस कल्पनेनेच जाणावे लागते. अंगभर पुळ्या उठत, त्यांत पू भरे, ताप चढे, आणि मोठ्या देवीने शंभर रोग्यांपैकी सुमारे तीस दगावत. जे वाचत त्यांच्या तोंडावर जन्माचे वण राहात. कित्येकांचे डोळे जात. उपाय कोणताच नसल्यामुळे लोकांनी रोगासच देवीचे नाव दिले, घरात कडुलिंबाचा पाला ठेवला, व शीतळादेवीस नवस केले. त्या आयांस हसण्याचे आपणांस कारण नाही. मूल डोळ्यांदेखत जात असता दुसरे काही करण्यासारखे त्यांच्या हाती नव्हते.

हिंदुस्थानच्या काही भागांत, चीनमध्ये व तुर्कस्थानात एक जुनी रीत होती. देवीच्या रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसास मुद्दाम टोचीत. बहुधा सौम्य देवी येऊन तो जन्मभर सुरक्षित होई. पण काही जण या टोचण्यानेच मरत, व त्यांच्यापासून रोग इतरांसही लागे. इंग्लंडातील खेडेगावचा डॉक्टर एडवर्ड जेन्नर याने निराळा मार्ग काढला. गाईंच्या आचळांवर उठणारी सौम्य देवी ज्या गवळणींच्या हातांस लागे त्यांस मोठी देवी येत नाही, ही लोकांतील समजूत त्याने पारखून पाहण्याचे ठरविले. १४ मे १७९६ रोजी त्याने सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरील फोडातून द्रव घेऊन जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलास टोचला. पुढे काही आठवड्यांनी त्यास खऱ्या देवीचे द्रव्य टोचले असता रोग झाला नाही. लॅटिन भाषेत गाईस 'वाका' म्हणतात; त्यावरून इंग्रजीत व्हॅक्सिन हा शब्द आला.

२. लस पुण्यास कशी आली

शोध लागला, परंतु तो इकडे आणावा कसा? लस दोऱ्यास लावून किंवा काचेच्या तुकड्यांत वाळवून जहाजाने पाठवीत. परंतु महिनोगणती प्रवासात व उष्ण हवेत ती निकामी होई. अखेर व्हिएन्ना शहरातील डॉक्टर ज्याँ द कारो याने खुष्कीच्या मार्गाने लस बगदादकडे रवाना केली. तेथे व पुढे बसरा बंदरी ती माणसांच्या हातांवर पुन्हा ताजी करण्यात आली, व तेथून जहाजाने मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली व लागू पडली. या देशात देवीची लस यशस्वी रीतीने टोचली गेलेले ते पहिले मूल होय. तिच्या दंडावरील फोडातून आणखी मुलांस टोचले, त्यांच्यापासून आणखी काहींस, आणि याप्रमाणे चालू राहिलेली ती लस मुंबईहून पुणे, सुरत, हैदराबाद व मद्रास येथे पोहोचविली गेली. त्या वेळी पुण्यात अद्याप पेशवाई होती, हे ध्यानात घ्यावे.

विचार करा : तीन वर्षांची एक मुलगी, जिला लस म्हणजे काय हेही कळत नव्हते, तिच्या हातातून साऱ्या देशातील मुलांचे रक्षण सुरू झाले. पुढल्याच वर्षी, १८०३ मध्ये, स्पेन देशातून बावीस अनाथ मुलगे जहाजात घालून अमेरिका खंडाकडे नेले. वाटेत थोड्याथोड्या दिवसांनी एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर लस टोचीत ती जिवंत राखली.

या पद्धतीतले दोषही सांगितले पाहिजेत. लस घेण्यासाठी मुलाचा पिकलेला फोड आठव्या दिवसाच्या सुमारास उघडावा लागे. त्याला वेदना होत, व आईचा जीव तुटे. एकाच्या अंगातील दुसरे रोग तिसऱ्याच्या अंगात जाण्याचा धोका असे. जातिभेदामुळे कोणाच्या मुलाची लस कोणाच्या मुलास चालेल हा तंटा उभा राही. ज्यांच्या हातावरून लस घेतली जाई ती मुले बहुतेक वेळा गरिबांची असत, ही गोष्टही विसरू नये. पुढे वासराच्या अंगावर लस वाढविण्याची रीत आली, व मुंबई इलाख्यासाठी बेळगाव येथे लस तयार करण्याची संस्था निघाली. तेव्हा मुलांचे हात या कामातून मोकळे झाले. खेडोपाडी फिरणाऱ्या टोचणाऱ्यास लोक 'देवी डॉक्टर' म्हणू लागले, आणि टोचून घेण्यास 'देवी काढणे' हे नाव पडले. रोगाचे नाव उपायास मिळाले, हा आपल्या भाषेतील मोठा मौजेचा पालट होय.

३. सन १८९७ चे पुणे

१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत ग्रंथिक ज्वर, म्हणजे प्लेग, सुरू झाला, व १८९७ च्या आरंभी तो पुण्यात पसरला. साथींसंबंधीचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झाला, व पुण्याची व्यवस्था वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याकडे देण्यात आली. गोरे सोल्जर घरात शिरून रोगी शोधीत, बायकामाणसांची तपासणी करीत, सामान जाळीत, व माणसांस बळाने छावणीत नेत. रोग थांबविणे हा हेतू असला, तरी रीत अशी होती की लोक रोग्यास लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, हा इतिहास तुम्ही शाळेत वाचलाच आहे.

त्याच दिवसांत त्याच पुण्याच्या सीमेवर दुसरे एक काम चालले होते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरच्या बाजूस प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोग्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याकडील एका आजारी मुलास त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले, असे सांगतात. त्यांसही प्लेगने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एकीकडे घराचे दार बळाने उघडणारा शिपाई, दुसरीकडे रोग्यास आपल्या हातांनी उचलणारी बाई. यांपैकी कोणाच्या सांगण्यावरून एखादी आई आपले मूल पुढे करील, हे निराळे सांगावयास नको.

मुंबईत या वेळी प्लेगची लस तयार होत होती. रशियातून आलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत प्लेगचे जंतू वाढवून, ते उष्णतेने मारून त्यांची लस केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस ती दिली. जे दुसऱ्यास द्यावयाचे ते आधी आपण घ्यावे, या रीतीने विश्वास मिळतो. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचेच नाव देण्यात आले. ती हाफकिन संस्था होय.

४. मुलकोवालची बाटली

लसीच्या इतिहासात दुःखाचाही एक धडा आहे, व तो झाकून ठेवल्यास या पाठाचा उपयोग नाही. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस टोचल्यावर एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे कागदपत्र नीट तपासले असता असे दिसून आले की, बाटली उघडतेवेळी वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता व तो योग्य प्रकारे निर्जंतुक न करता वापरला गेला. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. परंतु तोवर त्यांची उमेदीची वर्षे गेली होती, आणि त्या १९ घरांचे नुकसान कधीच भरून आले नाही.

आज लस टोचताना प्रत्येक मुलास नवी सुई व नवी पिचकारी वापरतात. ती पिचकारी एकदा वापरली की आपोआप अडकते व पुन्हा भरता येत नाही. बाटलीचा क्रमांक नोंदविला जातो. लस दिल्यावर मुलास अर्धा तास तेथेच बसवितात व काही विपरीत घडल्यास त्याची चौकशी होते. हे नियम मुलकोवालसारख्या प्रसंगांतून शिकूनच झाले आहेत. परिचारिका 'थोडे थांबा' म्हणाली तर घाई करू नये.

५. देवी गेली कशी

शतकभर टोचणी चालूनही देवी आपल्या देशातून गेली नव्हती. १९६२ साली देवीच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिला दोन गोष्टींनी यश आले. पहिली, लस गोठवून कोरडी करण्याची कृती. अशी लस उन्हाळ्यातही टिके. दुसरी, कामाची रीत. सर्वांस सरसकट टोचीत बसण्यापेक्षा रोगी कोठे आहे याचा घरोघर शोध करावयाचा, आणि सापडताच त्याच्या भोवतालच्या माणसांस ताबडतोब टोचून रोगाची वाट अडवावयाची. दोन टोकांच्या लहानशा सुईने हे काम कोणासही थोड्या वेळात शिकता येई. शिक्षक, आरोग्यसेवक व गावकरी या सर्वांनी शोधात भाग घेतला. २४ मे १९७५ रोजी आसामात देवीची शेवटची रोगी सापडली. १९७७ साली भारत देवीमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय समितीने ठरविले. व ८ मे १९८० रोजी साऱ्या जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले.

तुमच्या आजीआजोबांच्या हातांवर देवी काढल्याचे वाटोळे वण आजही दिसतील. तुमच्या डाव्या दंडावरील वण निराळा. तो क्षयरोगावरील बीसीजी लसीचा आहे. तुम्हांस देवीचा वण नाही, कारण त्यांना तो होता.

६. शरीरात काय घडते

आपले रक्त व त्यातील पांढऱ्या पेशी या शरीराच्या वेशीवरील पहारेकऱ्यांसारख्या आहेत. अनोळखी जंतू प्रथमच आला तर त्यास ओळखून त्याच्याविरुद्ध योग्य प्रतिपिंडे तयार करण्यास काही दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधीत रोग बळावतो. लशीत जंतूचे मेलेले, दुबळे केलेले, किंवा केवळ एक तुकडा असलेले रूप असते. ते रोग करीत नाही, पण पहारेकऱ्यांस त्याचा चेहरा दाखवून ठेवते. काही पेशी ती आठवण वर्षानुवर्षे जपतात. काही आठवणी पुसट होतात. म्हणून दुसरी, तिसरी व वर्धक मात्रा द्यावी लागते. टोचल्यावर येणारा हलका ताप किंवा दंडावरील सूज म्हणजे बहुधा या तयारीची खूण असते.

७. थंडीची साखळी

१८०२ साली लसीचा शत्रू उष्णता होता. आजही तोच आहे. नेहमीच्या लसी कारखान्यापासून मुलाच्या दंडापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या थंडीत ठेवाव्या लागतात. मोठी शीतगृहे, प्राथमिक आरोग्य केंद्रातील बर्फाच्या अस्तराचा फ्रीज, व वस्तीवर नेण्याची बर्फाच्या पाकिटांची पेटी, यांपैकी एक दुवा तुटला तरी पाण्याचीच सुई टोचल्यासारखे होते. थंडी अधिक झाली तरीही नुकसान आहे : पेंटाव्हॅलंट व हिपॅटायटिस बी या लसी गोठल्या तर निकामी होतात.

बाटलीवर एक लहान वर्तुळ व त्यात चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट आहे तोवर लस वापरण्यास योग्य. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की बाटली टाकून द्यावयाची. बीसीजी व गोवर-रुबेला यांच्या कोरड्या लसी द्रवात मिसळल्यावर चार तासांच्या आत वापराव्या लागतात. उरलेली टाकून देतात. म्हणून केंद्रावर 'अमुक दिवशी या' असे सांगितले तर रागावू नये. एका मुलासाठी दहा मुलांची बाटली उघडावयाची की नाही, याचा तेथे विचार चाललेला असतो.

या बाबतीत पुण्याचा वाटा मोठा आहे. १९५२ साली येथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले; तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९६६ साली सायरस पूनावाला यांनी हडपसर येथे सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. ज्या हडपसरच्या बाजूस १८९७ साली लसीवाचून केवळ शुश्रूषेवर रोग्यांस जगवावे लागत होते, त्याच बाजूस आज जगातील कितीतरी देशांतील मुलांसाठी लसी तयार होतात. आफ्रिकेतील मेंदूज्वरावरील स्वस्त लस तेथेच तयार झाली व २०१० साली त्या खंडात देण्यास आरंभ झाला. कोरोनाच्या साथीत १२ जानेवारी २०२१ रोजी पहाटे लसीच्या पेट्या पुण्याहून निघाल्या व १६ जानेवारीस देशभर टोचणी सुरू झाली. मुंबईहून एकेकाळी पुण्यास आलेली लस याप्रमाणे पुण्याहून जगाकडे गेली.

८. आजचे वेळापत्रक

सरकारी लसीकरणाचे वेळापत्रक सर्व पालकांनी पुन्हा एकदा पाहावे. या लसी सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांत विनामूल्य मिळतात.

जन्मताच : बीसीजी, हिपॅटायटिस बी व तोंडाने पोलिओ.

६, १० व १४ आठवडे : पेंटाव्हॅलंट (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी व हिब या पाच रोगांवर), तोंडाने पोलिओ, आणि अतिसारावरील रोटाव्हायरस लस. पैकी ६ व १४ आठवड्यांस टोचण्याची पोलिओ लस व न्यूमोकॉकल लस याही असतात.

९ महिने पूर्ण झाल्यावर : गोवर-रुबेलाची पहिली मात्रा, न्यूमोकॉकलची वर्धक मात्रा, व टोचण्याच्या पोलिओची तिसरी मात्रा; ही तिसरी मात्रा २०२३ पासून वाढविण्यात आली.

१६ ते २४ महिने : गोवर-रुबेलाची दुसरी, त्रिगुणी (डीपीटी) लसीची पहिली वर्धक, व पोलिओची वर्धक मात्रा.

५ ते ६ वर्षे : त्रिगुणीची दुसरी वर्धक मात्रा.

१० वर्षे व १६ वर्षे : टीडी, म्हणजे धनुर्वात व घटसर्प यांवरील लस.

शेवटची ओळ या शाळेतील मुलामुलींसाठी आहे. लहानपणीच्या सुया झाल्या म्हणजे काम संपले असे पुष्कळ घरांत समजतात, व नेमक्या या दोन मात्रा राहून जातात. धनुर्वात एका माणसापासून दुसऱ्यास होत नाही. त्याचे जंतू मातीत असतात. त्यामुळे शेजाऱ्याने लस घेतल्याने तुमचा बचाव होत नाही. मैदानावर पडून गुडघा फुटतो तेव्हा ज्याची त्याची लसच ज्याच्या त्याच्या कामी येते. एकच अपवाद : गरोदर आईने टीडी घेतली असेल तर तिच्या रक्तातील प्रतिपिंडे पोटातील बाळास मिळतात. याच उपायाने व स्वच्छ बाळंतपणाने भारतातून माता व नवजात बालकांचा धनुर्वात जवळजवळ नाहीसा झाला, व २०१५ साली तशी घोषणा झाली.

मुलींच्या पालकांनी आणखी एक लस जाणून घ्यावी. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतांशी एका विषाणूमुळे होतो. त्यावरील लस ९ ते १४ वर्षांच्या वयात सर्वांत उपयोगी पडते. तिच्याविषयी डॉक्टरांस अवश्य विचारावे. संकोच करू नये.

९. गोवराचे गणित

आता थोडे अंकगणित करू. ज्या वस्तीत कोणासही लस मिळालेली नाही, तेथे गोवराचा एक रोगी सुमारे पंधरा जणांस रोग देतो. रोग विझावयाचा तर एका रोग्यापासून एकाहून कमी जणांस तो लागला पाहिजे; म्हणजे पंधरांपैकी किमान चौदा जण सुरक्षित हवेत. चौदा भागिले पंधरा, म्हणजे शेकडा सुमारे ९३. लस घेतलेल्यांपैकी काही थोड्यांस ती लागू पडत नाही, म्हणून शंभरांतून ९५ मुलांस दोन्ही मात्रा मिळाव्यात असे धरतात. ६० मुलांच्या वर्गात केवळ तीन मुले सोडता येतील, व त्या तीन जागा ज्यांना लस देताच येत नाही अशा मुलांसाठी राखून ठेवावयाच्या आहेत : जे तान्हे आहे, किंवा ज्याच्यावर कर्करोगाचा उपचार चालू आहे. ती जागा आपल्या आळसाने अडवू नये.

हे नुसते पाटीवरचे गणित नव्हे. कोरोनाच्या वर्षांत अनेक ठिकाणी नेहमीच्या सुया राहून गेल्या, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत व मालेगावात गोवराची साथ आली. तीत लहान मुले दगावली. दाट वस्ती व अपुरे पोषण असेल तेथे गोवर अधिक क्रूर होतो.

पुण्यातही साखळी कोठे तुटू शकते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. बांधकामावर आज एका ठिकाणी तर चार महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी राहणारी कुटुंबे, वीटभट्टीवरील मजूर, व हंगामात गाव सोडून जाणारे ऊसतोड कामगार यांच्या मुलांची एक मात्रा एका गावी होते, दुसरी कोठेच होत नाही. या आयांस मुलाची काळजी नसते असे नव्हे. रोज बुडविला तर चूल पेटत नाही, व नव्या जागी दवाखाना कोठे हे सांगणारे कोणी नसते. ते सांगणारा तुमच्यापैकी कोणीही होऊ शकतो.

१०. पालकांच्या काही शंका

मुलास सर्दी आहे, सुई पुढे ढकलावी काय? साध्या सर्दीखोकल्यासाठी ढकलू नये. मोठा ताप किंवा गंभीर आजार असेल, पूर्वीच्या मात्रेनंतर अंगावर मोठी प्रतिक्रिया उठली असेल, अथवा मुलाची प्रतिकारशक्ती फार दुबळी असेल, तर डॉक्टरांस आधी सांगावे.

मध्ये एक मात्रा चुकली, आता पहिल्यापासून आरंभ करावा काय? नाही. जेथे थांबले तेथून पुढे चालू करावे.

ज्या रोगाचा एकही रोगी दिसत नाही त्याची लस कशास? पोलिओचा या देशातील शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला, व मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त ठरला. तथापि जगात पोलिओ अद्याप उरला आहे, व माणसे विमानाने हिंडतात. रोगी दिसत नाही, हे लसीचेच काम आहे.

गोवराच्या लसीने मुलाच्या मनाची वाढ खुंटते असे फोनवर फिरते, ते खरे काय? ही भीती १९९८ साली इंग्लंडात छापलेल्या एका लेखावरून पसरली. पुढे त्या लेखातील लबाडी उघड झाली, ज्या मासिकाने तो छापला त्यानेच २०१० साली तो मागे घेतला, व लाखो मुलांच्या पाहणीत असा कोणताही संबंध आढळला नाही. तथापि ज्या आईला ही शंका वाटते तिच्यावर डोळे वटारू नयेत. तिचे ऐकून घ्यावे, तिला समजेल असे उत्तर द्यावे, आणि उत्तर आपणास येत नसेल तर तिला घेऊन डॉक्टरांकडे जावे. १८९७ साली पुण्यात जे घडले त्यावरून एवढे तरी आपण शिकलेच पाहिजे. सुई दंडास टोचावयाची असली तरी तिच्यापूर्वी विश्वास घरात पोहोचावा लागतो.

विद्यार्थ्यांनी करावयाचा अभ्यास

(अ) घरी जाऊन आपले व आपल्या धाकट्या भावंडांचे लसीकरणाचे कार्ड मागून घ्यावे, व वरील वेळापत्रकाशी ताडून पाहावे. राहिलेली मात्रा पेन्सिलीने लिहून ती आईवडिलांस दाखवावी.

(आ) १० व १६ वर्षांची टीडी झाली किंवा नाही, हे विचारावे. झाली नसल्यास ती घेतल्याची तारीख या पानाच्या समासात लिहून ठेवावी.

(इ) आजीआजोबांच्या हातावरील देवीचा वण पाहावा, व तो कधी, कोणी व कोठे काढला हे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरून घ्यावे.

(ई) आपल्या घराजवळ नुकतेच राहावयास आलेले, लहान मूल असलेले एखादे कुटुंब असल्यास त्यांस जवळचा महापालिकेचा दवाखाना व लसीकरणाचा वार सांगावा. शक्य तर आईबरोबर जाऊन दाखवावा.